तात्पुरतं घर

१८६२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या इस्लिंग्टन भागात कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. उत्तम वंशाची, केस न् केस विंचरलेली कुत्री, त्यांना बक्षिसं आणि बघायला लोटलेली गर्दी. जवळच, हॉलोवेच्या एका जुन्या तबेल्यातही कुत्री होती; पण फासळ्या मोजता याव्यात अशी, कुणाचीच नसलेली. चार्ल्स डिकन्स संपादक असलेल्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकानं त्या ऑगस्टमध्ये या दोन्ही ठिकाणांवर मिळून ‘टू डॉग शोज’ नावाचा लेख छापला. लेखातली सगळी माया त्या तबेल्यातल्या कुत्र्यांच्या वाट्याला आली होती. तो तबेला म्हणजेच आजचं ‘बॅटरसी डॉग्ज अँड कॅट्स होम’.

मेरी टील्बी या साठीला टेकलेल्या बाईनं १८६० मध्ये ते सुरू केलं. तिच्या मैत्रिणीला रस्त्यावर एक उपाशी कुत्रं सापडलं. दोघींनी त्याची शुश्रूषा केली, पण ते वाचलं नाही. त्यातून हे काम उभं राहिलं, असं संस्थेच्या इतिहासात सांगतात. ‘द टाइम्स’नं तेव्हा या खटाटोपाची खिल्ली उडवली होती. मेरीनं मात्र नाव फार विचारानं ठेवलं होतं : हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचं तात्पुरतं घर. मला या नावातला ‘तात्पुरतं’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आलेल्या जिवानं इथे मुक्काम करावा, पण आयुष्य दुसऱ्या कुणाच्या घरात काढावं.

मेरी १८६५ मध्ये गेली. भुंकण्यानं हैराण झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे १८७१ मध्ये बिऱ्हाड बॅटरसीला हललं. १८८३ पासून मांजरांनाही आसरा मिळू लागला आणि १८८५ मध्ये राणी व्हिक्टोरिया आश्रयदाती झाली. या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १८६७ च्या कायद्यानं बेवारस कुत्री पकडण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला आणि ती संस्थेत येऊ लागली. ज्यांना न्यायला कुणी येत नसे, अशी असंख्य कुत्री थोड्याच दिवसांत मारली जात. आसरा देणाऱ्या संस्थेला घर देणारे हात कमी पडले, की काय होतं, ते इथे दिसतं. स्थापनेपासून तीस लाखांहून अधिक प्राणी बॅटरसीच्या दारातून आत आले आहेत.

आज इथून कुत्रं घरी न्यायचं, तर पिंजऱ्यांवरून नजर फिरवून ‘हे द्या’ म्हणून चालत नाही. आधी तुमची चौकशी होते. घर केवढं, मुलं किती वयाची, दिवसभर घरी कुणी असतं का, आधीचं जनावर आहे का? दुसरीकडे प्रत्येक प्राण्याचा स्वभाव पारखलेला असतो. कोण मुलांत रमतं, कोण एकटं राहिलं की घाबरतं, याची नोंद असते. मग जोडी जुळवतात. आधी आला म्हणून आधी मिळेल, असं नसतं. डॉक्टरी तपासणी, लसीकरण, मायक्रोचिप आणि नसबंदी यांची काळजी संस्था घेते.

इथे येणाऱ्यांत अस्सल जातीचेही असतात. हौस फिटल्यावर किंवा खर्च झेपेनासा झाल्यावर लोक त्यांनाही आणून सोडतात. पण नावाजलेली जात नसलेल्यांची हुशारी बघायची, तर २००४ मधल्या ‘रेड’ची गोष्ट ऐकावी. हा लर्चर, म्हणजे शिकारी कुत्र्याचा संकर. रात्री खाण्याची नासधूस कोण करतं, हे कळेना म्हणून कॅमेरे लावले, तर रेड दातांनी कडी काढून बाहेर येताना दिसला. वर तो सोबत्यांचेही पिंजरे उघडत होता!

प्रदर्शनांची वाट कुठे गेली, तेही पाहायला हवं. १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला. वंशावळीच्या वह्या बांधल्या गेल्या आणि ठरावीक रूपासाठी जवळच्या नात्यात पैदास होत राहिली. पगचं नाक इतकं चपटं झालं, की अनेकांना साधा श्वास घेणं जड जातं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये कवटी मेंदूला अपुरी पडते आणि अनेकांच्या मज्जारज्जूत वेदना देणाऱ्या पोकळ्या होतात. २००८ मध्ये एका माहितीपटानं हे दाखवलं, त्यानंतर बीबीसीनं ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध प्रदर्शनाचं प्रक्षेपण थांबवलं. पिल्लांच्या कारखान्यातून सुटका झालेली लूसी नावाची कुत्री याच कॅव्हेलियर जातीची होती. तिच्या नावानं ओळखला जाणारा कायदा एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये लागू झाला. त्यानुसार सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराकडून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही. ते थेट पैदासकाराकडून घ्यायचं, नाहीतर आसरागृहातून.

हे सगळं आपल्यापासून दूरचं वाटायला नको. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारनं मुंबईतली भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. हॉलोवेच्या तबेल्याच्या २६ वर्षं आधी! म्हणजे दया आपल्याला कुणी शिकवायला नको. पण पांजरपोळीची कल्पना जन्मभर सांभाळण्याची. आत आलेला जीव पुन्हा कुणाच्या तरी उंबऱ्याशी पोचवायचा, हा मेरीचा विचार आपल्याकडे अजून पुरता रुजलेला नाही.

आपल्याकडे हिमप्रदेशातला हस्की एसीच्या खोलीत कोंडून ठेवतात आणि इथल्याच उन्हापावसात घडलेलं गावठी कुत्रं गेटबाहेर हाकलतात. पिल्लासाठी विसार देण्याआधी एकदा आपल्या गावातल्या आसरागृहात जाऊन यावं. गोजिरी पिल्लं लवकर जातात. वय झालेली, लंगडणारी, बुजरी मागे राहतात. त्यांच्यापाशी थोडा वेळ बसावं. मेरीच्या संस्थेच्या नावातला ‘तात्पुरतं’ हा शब्द पुढे गळून पडला. तो खरा करणं संस्थेच्या एकटीच्या हातात कधीच नव्हतं. त्यासाठी दरवेळी बाहेरून कुणीतरी यावं लागतं, हातात पट्टा घेऊन.