‘का’ गिळायला शिकताना

घरात मार खाणाऱ्या बाईचं ऐकून कसं घ्यायचं, याच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना, तिघी-तिघींच्या गटात बसवतो. एक सांगणारी, एक ऐकणारी, एक नुसती बघणारी. गोष्ट कागदावरची सांगायची, स्वतःची नाही, हे मी दोनदा बजावते.

“नवरा मारतो,” सांगणारी म्हणते.

“मग माहेरी का नाही गेलीस?”

‘का’ आला की बघणारी वहीत खूण करते. पहिल्या फेरीत अशा खुणा बऱ्याच पडतात. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. अडचण दिसली की उपाय सांगायचा आणि पुढचं दार गाठायचं, ही तिच्या कामाची सवय. पण मार खाल्लेल्या बाईला ‘का’मध्ये आरोपच ऐकू येतो. त्याऐवजी आम्ही म्हणायला शिकवतो, “सांगितलंस, बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आत्ता तुला काय हवंय?”

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या पुस्तिकेत पाच गोष्टी सांगितल्या आहेत : ऐकून घेणं, गरज विचारणं, विश्वास दाखवणं, सुरक्षितता वाढवणं, पुढच्या मदतीशी जोडून देणं. सुरक्षिततेचं मात्र ताईच आम्हाला शिकवतात. बोलता बोलता सासू दारात आली, तर बाळाच्या वजनाचं बोलायचं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर द्यायचा नाही, पाठ करून घ्यायचा.

बाई ‘मन खचलंय’ असं क्वचितच म्हणते. छातीत धडधडतं, डोकं बधिर होतं, झोप लागत नाही, असं सांगते. आठवणीनं ती थरथरू लागली, तर तपशील उकरायचे नाहीत. पाय जमिनीवर टेकवायला सांगायचं, समोर काय काय दिसतंय ते विचारायचं. जीव द्यायची भाषा आली, तर तिला एकटं सोडायचं नाही; १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर तिच्यासोबत बसून फोन लावायचा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं की नाही, हे मात्र तिनंच ठरवायचं.

दुपारी एक ताई वही मिटून म्हणाली, “मॅडम, मलाही तेव्हा सगळ्यांनी हेच विचारलं होतं. माहेरी का नाही गेलीस म्हणून.”

खोली गप्प झाली. कुणी काही विचारलं नाही. शेजारचीनं पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली आणि तशीच बसून राहिली.

तेव्हापासून प्रशिक्षण संपलं तरी आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. त्या बैठकीत रजिस्टर उघडायचं नाही. त्या दिवशी ताई बोलतात, आम्ही ऐकतो.