कारकुनावरचा आळ

अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या घरांमध्ये एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. आमचे पूर्वज बोटीने न्यूयॉर्कला उतरले, एलिस आयलंडवरच्या कारकुनाला त्यांचे नाव धड ऐकू आले नाही किंवा लिहायचा कंटाळा आला, आणि त्याने मनाला येईल ते आडनाव ठोकून दिले. तेव्हापासून आम्ही हे असे झालो. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो, आणि कारकुनाच्या नावाने बोटे मोडून विषय संपतो.

त्या बिचाऱ्या कारकुनाची बाजू कुणी मांडत नाही. एलिस आयलंडचे केंद्र उघडले १८९२ साली. तिथल्या कारकुनाला कुणाचे नाव लिहून घ्यायचेच नसे. जहाज जिथून सुटले त्या बंदरात केलेली यादी त्याच्यासमोर असे, आणि तिच्यावर खुणा करत तो माणसे पुढे सोडी. शिवाय जर्मनांचे मोठाले लोंढे त्याआधीच येऊन गेले होते. १८५४ या एका वर्षात २ लाख १५ हजार, १८८२ मध्ये अडीच लाख. नावे बदलली हे खरे, पण बहुतेकांची बदलली ती त्यांनी स्वतः, नाहीतर शाळामास्तरांनी आणि शेजाऱ्यांनी हळूहळू. श्मिटचा स्मिथ झाला, म्युलरचा मिलर, त्सिमरमान म्हणजे सुतार, त्याचा सरळ कार्पेंटर.

पुण्यात तीस वर्षे जर्मन शिकवून निवृत्त झाल्यावर वर्षातले काही महिने मी विस्कॉन्सिन राज्यात मुलीकडे असतो. हा सगळा भाग जर्मनांनी वसवलेला. मिलवॉकी शहरात एके काळी इंग्रजीइतकीच जर्मन कानावर पडे. आता ती भाषा येणारी माणसे शोधावी लागतात, आणि जुनी जर्मन लिपी वाचणारा तर विरळाच. मला ती येते हे कळल्यापासून लोक जुने कागद घेऊन दारात उभे राहतात. बायबलच्या आतल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, बाप्तिस्म्याचे दाखले, कुणा मावशीची पत्रे. एका मराठी माणसाकडून आपल्या पणजोबांचे पत्र वाचून घ्यायचे याचे त्यांना आधी नवल वाटते, मग सवय होते.

या लिपीला कुरेंट म्हणतात. आपल्याकडच्या मोडीची ती चुलत बहीण शोभावी. तिच्यात ‘ए’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते आणि ‘यू’वर एक चंद्रकोर काढलेली असते. १९४१ साली नाझी सरकारने ती शाळांतून उठवली आणि दोन पिढ्यांत खुद्द जर्मनीतल्या नातवंडांना आजोबांचे अक्षर लागेनासे झाले. मोडीतली खरेदीखते ट्रंकेत जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

तर येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, आमचे मूळ कुठले? आणि ‘जर्मनी’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. प्रशिया, बव्हेरिया, बाडेन, हेसेन, मेक्लेनबुर्ग अशी डझनावारी राज्ये होती. अमेरिकन नागरिकत्व घेताना माणूस शपथ घेई ती ‘प्रशियाच्या राजाची निष्ठा सोडतो’ अशी. गावाचे नाव त्याला कुणी विचारत नसे. इकडे जर्मनीत मात्र सगळे दप्तर गावाचे. जन्म, लग्न, मृत्यू लिहायचा तो त्या त्या चर्चचा पाद्री. सबंध देशात सरकारी नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ पासून. म्हणजे गाव ठाऊक नसेल तर हजारो दप्तरांपैकी कुठले उघडायचे? आपल्याकडे निदान ‘कर’ लागलेल्या आडनावात गाव बांधून दिलेले असते, आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडण्याची आशा असते. जर्मन आडनावे बहुधा धंद्याची. सुतार, शिंपी, गिरणीवाला, पाटील. ती गावोगाव असणारच.

म्हणून या शोधातला पहिला नियम असा, की जर्मनीतले गाव अमेरिकेतच शोधायचे. थडग्यावरच्या दगडात, जर्मन वर्तमानपत्रातल्या मृत्युवार्तेत, शेजारी कोण होते आणि मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी कुणी मांडीवर घेतले होते यात. कारण एका गावची माणसे एकामागोमाग एक येऊन एकाच रस्त्यावर राहत. मुंबईत गिरणगावातल्या एकेका चाळीत एकेका गावची खोली असे, तसेच हे.

आमच्या समोरच्या घरात ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर शाळेची बस चालवली. आडनाव देत नाही, त्याचा अर्थ शिंपी एवढे सांगतो. त्यांच्या घरातही कारकुनाची गोष्ट होती, आणि तिला शेपूट होते. मूळ नावाच्या आधी म्हणे ‘फॉन’ होते. फॉन म्हणजे सरदार घराण्याची खूण. कारकुनाने तेच नेमके उडवले! गृहस्थांच्या थोरल्या बहिणीने, वय अठ्ठ्याऐंशी, एका दुकानातून घराण्याचे मानचिन्ह विकत आणून दिवाणखान्यात लावले आहे. निळ्या ढालीवर पिवळा सिंह. मानचिन्ह दिले जाई ते एखाद्या माणसाला किंवा घराण्याला, सबंध आडनावाला नव्हे. एकाच आडनावाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच सिंह विकण्याचा धंदा मात्र तेजीत आहे.

त्यांच्या वडिलांनी काहीच कसे सांगितले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “वडील दहा वर्षांचे होते १९१८ साली. त्या वर्षापासून घरात जर्मन बंद. आजीला दुसरी भाषा येत नव्हती. ती मग बोलायचीच थांबली.”

हे नुसत्या एका घरातले नाही. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जर्मन बोलणारा प्रत्येकजण संशयित झाला. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रागर नावाच्या खाणकामगाराला जमावाने फाशी दिले. मे महिन्यात आयोवाच्या गव्हर्नरांनी शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी केली. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी जर्मन पुस्तकांची होळी झाली. कोबीच्या लोणच्यालासुद्धा ‘स्वातंत्र्य कोबी’ असे नवे नाव मिळाले. आज ऐकताना हसू येते. पण त्या वर्षी हजारो घरांत पत्रे चुलीत गेली असतील, आणि त्यांच्याबरोबर पत्त्यातले गावाचे नावही. विसरभोळेपणाने फार थोड्यांनी गाव हरवले. बाकीच्यांनी ते भीतीने टाकले.

गृहस्थांकडे मिलवॉकीतल्या एका ल्युथरन चर्चच्या वहीतल्या एका पानाची छायाप्रत होती. तीस वर्षे ती त्यांच्या कपाटात. आडनाव ओळखू येई, बाकी सगळा अळ्यांचा बाजार. मी भिंग घेऊन बसलो. ती खापरपणजोबा-पणजींच्या लग्नाची नोंद होती, जुलै १८५४ ची. पाद्री व्यवस्थित माणूस असावा. वराचे गाव, वधूचे गाव, दोन्ही ‘मेक्लेनबुर्ग-श्वेरिन’ राज्यातली, शेजारशेजारची. आणि शेवटी एक ओळ: ‘तीन वर्षांचा मुलगा सोबत आणला आहे.’

हा मुलगा म्हणजे गृहस्थांचे पणजोबा. त्यांचा जन्म १८५१ चा, हे थडग्यावर लिहिलेले होते. घरच्यांनी कधी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आता हाम्बुर्ग. जर्मनीतून निघायची दोन मोठी बंदरे, ब्रेमेन आणि हाम्बुर्ग. ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागा पुरत नाही म्हणून नष्ट केल्या गेल्या, उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हाम्बुर्गच्या मात्र १८५० पासूनच्या याद्या टिकल्या, आणि त्यांच्यात प्रवाशाचे गाव लिहिलेले असते. गृहस्थांच्या भाच्याने त्या संगणकावर पणजोबांच्या नावाने पुन्हा पुन्हा चाळल्या होत्या. सापडत नव्हते. सापडणार कसे? सुरुवातीच्या वर्षांत या याद्या आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेल्या असत. एप्रिल १८५४ च्या एका जहाजात, एका पानावर, शेतावरचा एक गडी. बऱ्याच पानांनंतर, वेगळ्याच अक्षराखाली, शेजारच्या गावची एक मोलकरीण आणि तीन वर्षांचा मुलगा. मुलाचे आडनाव आईचे.

म्हणजे आडनाव बदलले होते, ही घरातली आठवण अगदी खरी होती! फक्त कारकुनाने नव्हे. १८५४ मध्ये तर न्यूयॉर्कला प्रवासी उतरवून घेण्याचे केंद्रच नव्हते. कॅसल गार्डनचे पहिले केंद्र उघडले त्याच्या पुढच्या वर्षी. माणसे सरळ धक्क्यावर उतरत. मुलाला बापाचे आडनाव मिळाले ते मिलवॉकीच्या पाद्र्यासमोर.

लग्न गावीच का केले नाही? हे समजायला मेक्लेनबुर्ग समजावे लागते. तिथली भूदासांची पद्धत १८२० साली कायद्याने उठली. उठली म्हणजे काय, तर जमीनदाराला माणूस जमिनीला बांधून ठेवता येईना, आणि त्याच वेळी माणसाचा जमिनीवर राहण्याचा हक्कही गेला. एखाद्याला वस्तीचा हक्क दिला की म्हातारपणी, दुखण्याखुपण्यात त्याला पोसण्याची जबाबदारी जमीनदारावर येई. म्हणून तो हक्क देताना हात आखडता. आणि वस्तीच्या हक्काशिवाय लग्नाची परवानगी नाही. गडी म्हणून राब, मोलकरीण म्हणून राब, पण संसार मांडायचा नाही. शतकाच्या मध्याला तिथे अनौरस मुलांचे प्रमाण आजूबाजूच्या प्रांतांच्या मानाने फार वर गेले, ते काही तिथली माणसे चळली म्हणून नव्हे. फ्रिट्झ रॉयटर या तिथल्याच कवीने आपल्या बोलीत यावर एक सबंध कथाकाव्य लिहिले, १८५० च्या दशकात. तोपर्यंत माणसे निघाली होती. पुढच्या चाळीस वर्षांत त्या छोट्याशा मुलखातून लाखाहून अधिक लोक गेले. लग्नावरची ही बंधने उठली ती १८६८ साली, उत्तर जर्मन संघाच्या कायद्याने.

मेक्लेनबुर्गची चर्चची दप्तरे बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि आता पडद्यावर पाहता येतात. मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद दोन संध्याकाळीत मिळाली. त्यावर ‘अनौरस’ हा शब्द. बापाचे नाव मात्र पाद्र्याने स्पष्ट लिहिलेले. जर्मनीत काही ठिकाणी अशा नोंदी वही उलटी धरून लिहीत. इथे तेवढे केले नव्हते. आणि त्याच्या आधी, १८४९ मध्ये, त्याच आईबापांची एक मुलगी. ती दहा महिन्यांनी गेली. म्हणजे पाच वर्षे ही दोघे नवरा-बायको होती. कागदावर नव्हती एवढेच.

हे सांगायचे कसे, याचा मी एक दिवस विचार केला. पुण्यातला माझा एखादा शेजारी असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो. गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले, जमीनदाराचा भाग दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, “म्हणजे त्या कारकुनाला आम्ही उगाच शिव्या दिल्या.”

बहीणबाईंना पटले नाही. घराण्याचे पुस्तक छापायचे चालले होते. त्यांनी फोनवर बजावले, “हे त्यात येता कामा नये. नातवंडं वाचतील.”

“मग काय घालू? सिंह?” भाऊ म्हणाले.

तीन आठवडे दोघांचे बोलणे बंद. मला आपले ओशाळल्यासारखे झाले. बाईंचा राग मी समजू शकतो. आमच्याही कुलवृत्तांतांत किती जणांच्या दोन बायका आणि किती विधवा सफाईने गाळलेल्या असतात, हे जाणणारे जाणतात. जर्मनीत तर १९३३ नंतर हीच चर्चची दप्तरे चाळून लोकांना आजी-आजोबांच्या ‘शुद्धते’चे दाखले द्यावे लागत होते. त्यावर नोकरी ठरे, लग्न ठरे, पुढे पुढे जीवही. वंशावळीतून माणूस काय शोधतो यावर बरेच अवलंबून आहे. सिंह शोधणाऱ्याला सिंह विकणारा भेटतोच.

चौथ्या आठवड्यात बाई स्वतः गाडीत बसून आल्या. बाप्तिस्म्याच्या पानाची छापील प्रत मागितली. वाचता येत नव्हते तरी बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारले, “त्या मुलीचं नाव काय होतं, आधीच्या?” मी सांगितले. “ती पुस्तकात नाही,” त्या भावाला म्हणाल्या. “तिला घाल. दोघांच्या खाली, पहिली.” लग्नाची तारीख आणि मुलांच्या जन्मतारखा जशा आहेत तशा छापल्या, काही खुलासा न देता. मानचिन्ह अजून दिवाणखान्यात आहे. तो रंग भिंतीला शोभतो म्हणे.

आता त्यांच्या आजीची बाजू चालू आहे, १९१८ नंतर बोलायची थांबली ती आजी. तिची माणसे पोमेरानियातली, म्हणजे आजच्या पोलंडमधली. १९४५ नंतर तिथली जर्मन वस्ती उठली, गावांची नावेसुद्धा पोलिश झाली, आणि चर्चची दप्तरे काही पोलंडच्या, काही जर्मनीच्या दप्तरखान्यांत विखुरली, काही जळाली. तिच्या आईचे एक पत्र मात्र चुलीतून वाचले आहे. अक्षर भयंकर आहे. बहीणबाई दर रविवारी फोन करून विचारतात, “प्रोफेसर, पत्त्याची ओळ लागली का?”