इंजिनाचा उच्छ्वास

मोटारीचे बळ पेट्रोलात असते हे खरे. पण जळालेला धूर बाहेर पडताना अडखळला, तर इंजिनाला पुढचा ताजा श्वास अपुरा पडतो. तुमसरला आमच्या मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे: 1,089 सी.सी., अश्वशक्ती जेमतेम 40. तिला नळ्यांचे हेडर बसवायचे, हा मामांचा हट्ट. म्हणून मी या विषयाच्या मुळाशी गेलो.

मूळ गाडीत चारही सिलिंडरांचा धूर बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये एकत्र लोटला जातो. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र नळी. दाबाची लाट नळीच्या टोकाशी पोचली की तिथून कमी दाबाची लाट उलट फिरते. दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असतात. नेमकी तेव्हा ती परतली, तर उरलासुरला धूर ओढून काढते. सारी मेख या वेळेत, म्हणजे नळीच्या लांबीत! लांब, अरुंद नळी कमी फेऱ्यांवर उपयोगी. आखूड, रुंद नळी जास्त फेऱ्यांवर. चारांची थेट एक करणे शर्यतीला शोभते. भंडारा-तुमसर रस्त्यावर सायकली चुकवीत जाणाऱ्या गाडीला चारांच्या दोन, दोहोंची एक हीच जोडणी बरी. ठिणगीचा क्रम 1-3-4-2, तेव्हा जोड्या 1-4 आणि 2-3 अशा.

जाड नळी म्हणजे जास्त ताकद, हा निव्वळ भ्रम. कार्ब्युरेटरचे जेट जुळविले नाही तर लाभ थोडका, गोंगाटच फार. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही.

झडपा आधी तपासून घ्या, असे मी मामांना सांगितले आहे. हेडरचे पैसे तूर्त त्यांच्या खिशातच आहेत.