पस्तीस अंशांपलीकडचा लॅपटॉप

लॅपटॉपच्या खोक्यातून निघणारे माहितीपत्रक सहसा कोणी उघडत नाही. त्यात वापराच्या जागेचे तापमान किती असावे हे दिलेले असते आणि बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत त्याची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस असते. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. घाटावरचे बुलढाणा शहर त्या मानाने थंड, तरी उन्हाळ्यात तिथेही पस्तिशी ओलांडली जाते. नेमके हेच दिवस उन्हाळी परीक्षांचे आणि प्रकल्प पूर्ण करण्याचे असतात. म्हणून या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने लॅपटॉप निवडताना तो किती तापतो आणि किती वीज खातो हे आधी पाहावे, खेळांच्या ग्राफिक्स कार्डाचा विचार नंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजचा अभ्यास आणि थोडेफार खेळ एवढीच गरज असेल, तर ‘गेमिंग लॅपटॉप’ या पाटीसाठी मोजलेले जादा पैसे बहुतेक घरांमध्ये वाया जातात.

कारण साधे आहे. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढून चिप थंड करतो. हवाच तापलेली असेल तर तो कितीही जोरात फिरला तरी उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही आणि चिप शंभर अंशांच्या जवळ गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. इंटेल किंवा एएमडीच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘यू’ हे अक्षर असते, तो साधारण १५ वॅटसाठी बनवलेला असतो. ‘एच’ असेल तर ४५ वॅटच्या आसपास. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्यावर वेगळ्या ग्राफिक्स चिपचे आणखी ५० ते ८० वॅट चढतात. म्हणजे दुकानातल्या वातानुकूलित हवेत जो वेग पाहून आपण भुलतो, तो मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत मिळेलच असे नाही. विजेचे गणितही असेच आहे. साध्या लॅपटॉपचा ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर घरच्या इन्व्हर्टरवर पंख्यासोबत निभावतो. गेमिंग लॅपटॉपचा १५० ते २३० वॅटचा असतो. ५० वॅट-तासांची बॅटरी लिहिण्या-वाचण्याच्या कामात पाचेक तास चालते आणि वीज गेलेल्या दुपारी तेच तास कामी येतात.

मग पैसे कुठे घालावेत? आधी मेमरीत. ८ जीबी रॅमवर ब्राउझरच्या वीसेक खिडक्या, एक ऑनलाइन तास आणि एक प्रोग्रामिंगचे साधन एकत्र उघडले की यंत्र रेंगाळते. १६ जीबीवर तेच काम सुरळीत होते. शिवाय स्वतंत्र कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससुद्धा हीच मेमरी वापरते. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन असणे चांगले, कारण दोन पट्ट्यांमुळे माहितीच्या ये-जा करण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. इंटेलचे ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स एकाच पट्टीवर तर त्या नावाने दिसतसुद्धा नाही, साधे ‘यूएचडी’ होऊन बसते. ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. नावांचा सापळाही ओळखायला हवा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांत दहाचाच फरक दिसतो, पण पहिल्यात चार कोअर आहेत आणि रचना जुनी आहे, दुसऱ्यात सहा कोअर आहेत. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी आणि आयपीएस प्रकारचा फुल एचडी पडदा घेतला की रोजच्या कामाला काही कमी पडत नाही.

खेळांचे काय? ‘व्हॅलोरंट’ हा लोकप्रिय खेळ मुद्दामच दुबळ्या यंत्रांवर चालेल असा बनवला गेला. ‘माइनक्राफ्ट’ आणि २०१५ मध्ये संगणकावर आलेला ‘जीटीए ५’ हेही सेटिंग खाली आणले की आजच्या अंगभूत ग्राफिक्सवर खेळता येतात. नवे, भव्य खेळ मात्र चालणार नाहीत, हे मुलांना आधीच मोकळेपणाने सांगावे. खेळ म्हणजे नासाडी असे मानून सर्वांत स्वस्त यंत्र माथी मारणे मलाही पटत नाही. जी मेमरी खेळाला लागते तीच अभ्यासालाही लागते.

अभियांत्रिकीचे काय, हा आक्षेप खरा वजनदार आहे. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बुलढाणा, चिखली, मलकापूर इथेही आहेत. यांत्रिकी शाखेत त्रिमितीय आराखड्यांचे मोठे जुळणीकाम रोज घरी करणाऱ्याला स्वतंत्र ग्राफिक्स चिप हवीच आणि त्याने ती घ्यावी. पण ऑटोकॅडची द्विमितीय चित्रे, प्रोग्रामिंग, डेटाबेस यांना तिची गरज नसते. यंत्र-शिक्षणाचे प्रयोग गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून, दूरच्या ग्राफिक्स चिपवर मोफत करता येतात. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम तर बराचसा सर्व शाखांना समान असतो, म्हणून चौथ्या वर्षाच्या कल्पनेने पहिल्याच वर्षी खर्च करण्यात अर्थ नाही. ‘रॅम पुढे वाढवू’ हा बेतही जपूनच करावा. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते, शिवाय २०२५च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे भाव चढले आहेत.

खरेदीची घाई प्रवेशाच्या जुलै-ऑगस्टमध्ये होते, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात पैसा पेरणीत अडकलेला असतो. सोयाबीन हाती येते त्याच सुमारास दिवाळीच्या सवलती निघतात. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा असताना दोन-तीन महिने थांबणे जमण्यासारखे आहे. शैक्षणिक कर्ज घेतलेच असेल, तर अभ्यासक्रमाला आवश्यक संगणक त्यात धरता येतो का, हे बँकेत विचारावे. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत तशी तरतूद आहे. हातउसने काढून किंवा हप्त्यांवर महाग यंत्र घेण्यापेक्षा वापरलेले चांगले यंत्र परवडते, पण तिथे एक अट पाळावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालते. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. नवे घेताना घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि बिलावर यंत्राचा अनुक्रमांक आहे ना, ते दुकानातच पाहावे.