करारनामा, पावती आणि गळती

निवृत्तीच्या पैशातून किंवा गृहकर्ज काढून घेतलेला दुसरा फ्लॅट ही आता देशाच्या नागरी मध्यमवर्गात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. फ्लॅट नोएडात आणि मालक लखनौत, फ्लॅट बेंगळुरूत आणि मालक धारवाडात, असे चित्र सर्रास दिसते. मात्र घर भाड्याने देणे हा एक व्यवहार आहे आणि त्याला हिशेब, कागद व नियमित देखभाल लागते, हे या नव्या घरमालकाला कोणी सांगितलेले नसते. दलाल भाडेकरू आणतो, दलाली घेतो आणि निघून जातो. मागे उरतात ते एकमेकांना न ओळखणारे दोन पक्ष आणि कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवून काढलेला अकरा महिन्यांचा करार.

काही जण याच्याही अलीकडे थांबतात आणि घराला कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशातील नागरी भागांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. त्या प्रत्येक कुलपामागे भीतीच होती असे नाही, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरेही त्यांत होती. परंतु ‘एकदा शिरलेला भाडेकरू निघत नाही’ ही धास्ती मोठी आहे आणि तिला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत मुंबईत १९१८ साली आणि कलकत्त्यात १९२० साली भाडेनियंत्रणाचे कायदे आले. तात्पुरते म्हणून आलेले हे नियंत्रण दुसऱ्या महायुद्धानंतर कायमचेच होऊन बसले. मुंबईचा १९४७ चा आणि दिल्लीचा १९५८ चा कायदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. भाडे गोठले, तशी मालकांनी दुरुस्ती थांबवली. पागडी फोफावली आणि इमारती खचल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्यातील गोठवलेल्या प्रमाणभूत भाड्याची तरतूद कालबाह्य व अवाजवी ठरवली. दिल्लीसाठी १९९५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो अमलातच आला नाही.

आजच्या नव्या मालकाची स्थिती मात्र वेगळी आहे. दिल्लीत १९८८ च्या दुरुस्तीनंतर मासिक ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे जुन्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे आज भाड्याने निघणारा जवळपास प्रत्येक फ्लॅट बाहेर आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे स्वतंत्र कार्यपद्धती दिली. धास्ती आजोबांच्या काळातली आहे आणि कायदा नातवाच्या काळातला.

अडचण अशी की मालकांच्या सवयीही आजोबांच्याच काळातल्या राहिल्या. अकरा महिन्यांचाच करार का, हे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि ती खेप टाळण्यासाठी हा एक महिना कमी केला जातो. महाराष्ट्रात ही युक्ती उपयोगाची नाही. तेथे मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोडून काढणे मालकाच्या माथी येते. तमिळनाडूचा २०१७ चा आणि उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा लेखी करार व त्याची भाडे प्राधिकरणाकडे माहिती देणे मागतात. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा हा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून पहिला सल्ला हाच की घर ज्या राज्यात आहे, त्या राज्याचा कायदा आधी वाचावा. मालक कोठे राहतो, याला येथे अर्थ नाही.

करारात भाडे आणि मुदत असतेच. वाद होतात ते न लिहिलेल्या गोष्टींवरून. सोसायटीचे देखभाल शुल्क कोणी भरायचे, मुदतीआधी घर सोडल्यास किती दिवसांची सूचना, भाडेवाढ कधी आणि किती, घरात किती माणसे राहणार, हे सारे स्पष्ट लिहावे. सरकारी निवासस्थानाचा ताबा देताना पंख्यापासून नळापर्यंत सगळ्याची यादी करून सही घेण्याची रीत आहे. आम्ही तरुणपणी तिला हसत असू, पण खासगी घरालाही तीच लागते. किल्ली देण्याच्या दिवशी खोल्यांची छायाचित्रे, वीज मीटरचे वाचन आणि वस्तूंची यादी यांवर दोघांच्या सह्या असाव्यात.

अनामत रकमेविषयी आपल्याकडे विचित्र समजुती आहेत. बेंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची चाल होती, ती अजून पुरती गेलेली नाही. आदर्श कायदा निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा घालतो, तमिळनाडू तीन महिन्यांची. मोठी अनामत मालकाला सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ती रक्कम त्याच्याकडून खर्च होऊन जाते आणि परत देण्याच्या दिवशी भिंतीवरचे खिळे मोजले जातात. अनामत वेगळ्या खात्यात ठेवावी, ती उत्पन्न नव्हे.

आता दुरुस्ती. नवे मालक सर्वाधिक चुकतात ते इथेच. आदर्श कायद्याच्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळांचे पाइप बदलणे आणि विजेचे वायरिंग ही मालकाची कामे. नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, बटणे व सॉकेट, खिडकीची काच, कुलपे, अगदी गीझरची दुरुस्तीही भाडेकरूची. वेगळे काही ठरवायचे असल्यास करारात लिहिता येते, आणि गीझरबाबत ते लिहावेच असे माझे मत आहे. दहा वर्षे वापरलेला गीझर भाडेकरू आल्यावर तिसऱ्या महिन्यात बंद पडला, तर त्याचे बिल त्याच्या हाती देणे नियमात बसेल, पण न्यायाचे होणार नाही.

गळतीला तर थांबता येत नाही. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी आधी छताला डाग पाडते, मग प्लास्टर फुगवते, मग आतल्या लोखंडी सळईला गंज चढवते. भाडेकरूने पहिल्या डागाचे छायाचित्र पाठवले की प्लंबर पाठवावा आणि सोसायटीला लेखी कळवावे. पावसाळ्यापूर्वी गच्ची, खिडक्यांच्या कडा आणि पन्हळी एकदा पाहून घ्याव्यात. परगावी राहणाऱ्या मालकाने त्याच शहरातला विश्वासू प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन आधीच ठरवून त्यांचे क्रमांक भाडेकरूला द्यावेत. मालकाने आपल्या वाट्याची दुरुस्ती सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, ही मुभा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. घरभाड्यावर प्राप्तिकर आकारताना महापालिकेचा कर वजा केल्यावर आणखी ३० टक्के वजावट मिळते, तीही दुरुस्तीवर खर्च झाला की नाही हे न विचारता. त्यातून वर्षाला निदान एक महिन्याचे भाडे घरासाठी बाजूला ठेवणे अवघड नाही.

भाडे बँकेतूनच घ्यावे आणि पावती द्यावी. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाड्यातून कर कापून भरणे भाडेकरूवर बंधनकारक आहे, हे त्याला आधीच सांगावे. अनेक शहरांत पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे सक्तीचे असते, ती द्यावी. या पडताळणीच्या आडून जात, धर्म, आहार किंवा एकटी स्त्री म्हणून घर नाकारणे हा वेगळाच प्रकार आहे. आदर्श कायदा त्याबाबत गप्प आहे, ही माझ्या मते त्याची मोठी उणीव. नुसता हिशेब पाहिला तरी महिनाभर रिकामे राहिलेले घर वर्षाच्या उत्पन्नाचा बारावा भाग घालवते.

भाडे थकले म्हणून पाणी वा वीज तोडणे दिल्ली व महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यांतही निषिद्ध आहे आणि आदर्श कायद्यातही. तसेच दुसरी किल्ली जवळ आहे म्हणून घरात शिरू नये. आदर्श कायदा २४ तास आधी सूचना मागतो. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस, मग प्राधिकरण किंवा न्यायालय, हाच मार्ग. मुदत संपूनही भाडेकरू हटला नाही, तर आदर्श कायद्यानुसार पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे मागता येते. मात्र त्यासाठी मुदत कोणत्या तारखेला संपली हे दाखवणारा कागद हाती असावा लागतो. घर सोडण्याच्या दिवशी तीच जुनी यादी काढून दोघांनी मिळून खोल्या पाहाव्यात, कपात करायची असेल तर बिल दाखवूनच करावी आणि उरलेली अनामत किल्ली घेतानाच परत करावी.