निसटलेली गोळी

थरथरत्या हातातून निसटलेली गोळी आपल्या आधी कुत्र्याला सापडते. आपली सांधेदुखी शमवणारी आयबुप्रोफेन त्याच्या जठरात व्रण करते, मूत्रपिंडे निकामी करू शकते. पॅरासिटामॉल यकृतावर आघात करते. प्रसादातले बेदाणेही घातक ठरू शकतात.

अशा वेळी लक्षणांची वाट पाहू नये. वेष्टन जपून ठेवावे आणि पशुवैद्यांना तत्काळ दूरध्वनी करून औषधाचे नाव, अंदाजे मात्रा, वेळ व कुत्र्याचे वजन सांगावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. रक्तातील सोडियम वाढून जिवावर बेतते. पहिल्या दोन तासांत विष बाहेर काढता येण्याची शक्यता अधिक असते.

गोळ्या बसूनच, ताटलीत काढून घ्याव्यात. पशुवैद्यांचा क्रमांक औषधांच्या डब्यावर ठळक लिहावा. एकाकी दुपारी सोबत करणाऱ्या मुक्या जिवाला आपली एवढी दक्षता हवीच.