चौदाव्या वर्षी सज्ञान!

पहिला पगार झाला तेव्हा काय केलंत? आईला साडी, देवापुढे पेढे आणि बाबांचं ‘आता सेव्हिंग सुरू कर’वालं लेक्चर... बरोबर? पण हाच पगार बाराव्या-तेराव्या वर्षी यायला लागला असता तर? आणि तोही लाखांत! तो कुणाचा? तुमचा की आई-बाबांचा?

अमेरिकेत हे भांडण कधीकधी थेट कोर्टात जातं. तिथल्या बऱ्याच राज्यांत अठरा पूर्ण व्हायच्या आधीच कोर्टाकडून सज्ञान म्हणून मान्यता मिळवता येते. त्याला म्हणतात ‘इमॅन्सिपेशन’. १९८२च्या ‘ई.टी.’मधली गोड चिमुरडी ड्र्यू बॅरीमोर आठवतेय? ती चौदाव्या वर्षीच अशी ‘मोठी’ झाली. जिम्नॅस्ट डॉमिनिक मोचानूनं १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चौदाव्या वर्षी टीमसोबत गोल्ड जिंकलं. १९९८मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिनं ह्यूस्टनच्या कोर्टात धाव घेतली. माझी कमाई वडिलांनी उधळली, असा तिचा आरोप होता. कोर्टानं तिला मोकळं केलं.

फ्रीडम, पण बिलासकट

हे फक्त स्टार्ससाठी आहे असं नाही. कॅलिफोर्नियाचा नियम बघा. वय किमान चौदा हवं. आई-वडिलांची हरकत नसताना वेगळं राहत असायला हवं. पैशांचे व्यवहार स्वतः सांभाळता यायला हवेत आणि कमाई सरळ मार्गाची हवी. एकदा कोर्टानं होकार दिला की करारावर सही आपली, डॉक्टरकडचा निर्णय आपला, पगारही आपलाच. मतदानाचं आणि दारूचं वय मात्र तेच राहतं.

ऐकायला मस्त वाटतं ना? पण त्याच कागदानं आई-वडिलांची पोसायची जबाबदारीही संपते. भाडं थकलं तर हक्कानं मागायला कुणी नाही. चौदाव्या वर्षी स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या ड्र्यूला कपडे कसे धुवायचे हेसुद्धा माहीत नव्हतं. २०१५च्या ‘वाइल्डफ्लॉवर’ या पुस्तकात तिनंच ते सांगितलंय.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे असा दरवाजाच नाही. १८७५च्या कायद्यानं अठरा म्हणजे अठरा! अज्ञान मुलानं केलेला करार रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३मध्येच सांगून ठेवलंय. पालक चुकत असतील तर कोर्ट दुसरा पालक नेमू शकतं, पण मूल काही सज्ञान होत नाही.

मग मुंबईत सीरियल, अ‍ॅड आणि रिअ‍ॅलिटी शो करणाऱ्या पोरांच्या पैशांचं काय? त्यासाठी २०१७चे नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि कमाईतले किमान वीस टक्के थेट मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीमध्ये. ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. कॅलिफोर्नियात हे प्रमाण पंधरा टक्के आहे. तिथला कायदा १९३९चा आणि त्याला नाव जॅकी कूगनचं. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला हा पोरगा मोठा झाला तेव्हा लाखो डॉलर्सच्या कमाईतलं फारसं काही उरलंच नव्हतं. त्यानं आई आणि सावत्र वडिलांवर केस केली, तेव्हा कुठे जेमतेम सव्वा लाख डॉलर्स हाती आले.

म्हणजे वीस टक्क्यांपुरता कायदा आहे. उरलेल्या ऐंशीचा हिशेब घरातच व्हायचा. आपल्याकडे ‘आई-बाबांना काय हिशेब विचारायचा?’ म्हणून तो विषयच निघत नाही, आणि मनात साठत जातं ते तिथेच.

पण कोर्टाच्या कागदानं नातं संपतं असंही नाही बरं का! मोठी झाल्यावर ड्र्यू आपल्या आईला पैशांचा आधार देत राहिली. कोर्टानं नव्हतं सांगितलं तिला ते.

तेव्हा तुमची भाची किंवा पुतण्या शूटिंगला जात असेल, तर पुढच्या रविवारी सेल्फी नक्की काढा. आणि जाता जाता ताईला हळूच विचारा, ‘एफडी केलीस ना गं तिच्या नावानं?’